सगळ्या घरांना हाक

१

सकाळी उठल्यावर मी आधी माकडांना शिव्या देतो, मग देवाचं नाव घेतो. हा क्रम उलटा कर, असं गोमचेन थिन्ले मला कधीपासून सांगतोय. गोमचेन म्हणजे बायकापोरंवाला भिक्षू. गोम्पा, म्हणजे गावचा मठ, सांभाळतो, नांगर धरतो, आणि उरलेल्या वेळात मला शहाणपण शिकवतो. मी म्हणतो, देव थांबतो रे बाबा, माकडं थांबत नाहीत. मका उभा आहे तोवर आधी माकडं.

शिव्या झाल्या की चूल, लोण्याचा चहा, मग चढण चढून गोम्पा. दाराशी मोठं मणीचक्र आहे, ते फिरवायचं. घंटी वाजली की माघारी. येताना गावातून उतरायचं. गावात घरं पुष्कळ. दगडी, दुमजली, खिडक्यांना नक्षी, छपरावर मिरच्या वाळत घालायला जागा. पण धूर निघतो तो चार-पाच घरांतूनच. बाकी दारांना कुलपं. त्या कुलपांनाही मी शिव्या देतो, चालता चालता.

कुणी थिंफूला गेलं, कुणी त्याच्याही पुढं. अक्रोडाच्या झाडाखालचं घर देमाचं. तिची लेक ऑस्ट्रेलियात परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं काम करते. इथं देमा खोकून खोकून एकटी मेली. नदीकाठी तिला जाळताना लाकडं मी रचली. लेकीनं फोनवर पाहिलं. मी काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, बोललो. फोन ज्यानं धरला होता त्यालाच बोललो.

शाळा मी दोन हिवाळे पाहिली, तीही खिडकीतून जास्त. पुढं जन्मभर खेचरं हाकली. आमच्या बायका कमरेला पट्टा बांधून मागावर बसतात आणि रेशमाची नक्षी अशी विणतात की बाहेरचा माणूस म्हणतो, हे सुईनं भरलंय. त्यांचे किरे, म्हणजे आमच्या बायका नेसतात ती वस्त्रं, मी खाली न्यायचो आणि रेशीम वर आणायचो. त्यामुळे किऱ्याचा काठ दाखवा, कुठल्या घरचा ते मी सांगतो. आणि आरा पाजा, कुठल्या घरची ते सांगतो. मका सगळ्यांचा एकच, पण गाळलेली दारू प्रत्येक घरची वेगळी लागते. ह्या दोन गोष्टी सोडल्या तर मला काही येत नाही, असं माझी बायको सेल्देन म्हणायची. आता तीही नाही.

तर एक दिवस पोराचा फोन आला. माझा पोरगा नेदुप थिंफूला विजेच्या खांबांवर चढायचं काम करतो.

"अपा, येतोय. युदेनला आणि बाळाला घेऊन."

"या की. घर काय पळून चाललंय?"

"तेच बोलायचंय. ह्या खेपेला तुम्हाला घेऊनच जाणार. घर बंद करू."

"मी येत नाही."

"बघू," तो म्हणाला.

माझ्याच पोटचा आहे. 'बघू' म्हणजे ठरलं. आणि माझं घर बंद झालं की आमच्या वरच्या आळीला एकही चूल उरत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

पण खरं सांगतो, फोन ठेवला आणि मी त्या जागी नाचलो. नात येणार होती! आमच्याकडे घर लेकीच्या नावानं चालतं. नात म्हणजे घराची मालकीण. गावात तान्हं पोर येऊन इतकी वर्षं झाली होती की शेवटचं तान्हं आता मिशा ठेवून टॅक्सी चालवतं.

२

पाहुणा आला की आमच्याकडे त्शोगचांग करतात. प्रत्येक घरची बाई आपल्या घरची आरा, लोणी आणि अंडं घालून गरम केलेली, घेऊन येते. पाहुण्याला पाजते, गाते, हसवते. पाहुण्यानं एकाही घरचा घोट टाळायचा नाही. टाळला तर ते घर नातवंडांपर्यंत बोलत नाही.

बोलावणं कसं करायचं, तेही ठरलेलं आहे. आदल्या दिवशी यजमानानं सज्जात उभं राहून एकेका घराला नावानं हाक मारायची. त्या घरातून "लासो!" असं उत्तर येतं. लासो म्हणजे होय जी, येतो.

केझांग आला. गावानं निवडून दिलेला त्शोकपा आहे तो. कामं करतो, नाही असं नाही, पण खिशातून फोन काढल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. मला मेमे म्हणतो, म्हणजे आजोबा.

"मेमे, घसा कशाला ताणता? यायच्या पाचच बायका. मी फोनवर सांगतो."

"फोनवर माकडांना सांग."

"आजकाल कोण हाका मारतं, मेमे?"

"म्हणूनच कोणी येत नाही."

"उलट आहे ते," केझांग हसून म्हणाला. "कोणी उरलं नाही म्हणून हाका नाहीत."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी सज्जात गेलो, छाती भरली आणि सुरू केलं. "केझांगच्या घरच्या हो! उद्या माझ्याकडे पाहुणी आहे!" घरामागून त्याची बायको ओरडली, "लासो!" मग गोमचेनचं घर. लासो. मग पाणचक्कीवाल्या दोघी बहिणी, ज्या एकमेकींशी बोलत नाहीत पण जन्मभर शेजारी बसून विणतात. दोन वेगवेगळे लासो.

आता ही नावं मी आज्याच्या मांडीवर बसून ऐकली. जपासारखी एकामागून एक येतात. मधलं गाळलं की पुढचं आठवत नाही. पाणचक्कीनंतर अक्रोडाचं घर, अक्रोडानंतर वरचे, मग कोपऱ्यातले, मग पुलापलीकडचे, आणि शेवटी ल्हाझोम. अक्रोडवाल्यांना हाक मारून झाल्यावर मला कळलं आपण काय केलं. पण केझांग मागं उभा राहून हसत होता. मग मी हट्टानं पुढची सगळी नावंही घेतली, एकही न गाळता, मोठ्यानं.

खालून ल्हाझोम ओरडली. माझ्याच वयाची, माझ्याहून तिखट.

"अरे जुरमे मेल्या! कुलपांना काय जेवायला बोलावतोस?"

"तू ये म्हणजे झालं!"

"लासो, बाबा, लासो! मी अजून मेले नाही!"

सगळे हसले. मीही हसलो. हसणं थांबलं, आणि मग अक्रोडाच्या बाजूनं आवाज आला. फार मोठा नाही. चुलीत फुंकर घालता घालता बाई बोलते, तसा.

"लासो."

केझांग फोनमध्ये बघत होता. मी म्हटलं, समोरचा कडा आहे, आवाज फिरून येतो. लहानपणापासून येतो. ल्हाझोमचाच असणार.

पण कडा दिलेलं सगळं परत देतो. ल्हाझोम तर बरंच काही बोलली होती.

३

दुसऱ्या दिवशी गाडी आली. नातीला माझ्या हातात दिलं आणि तिनं पहिलं काम केलं ते माझ्या नव्या घोच्या अंगरख्यावर, गुडघ्यापर्यंत. युदेन लाजली.

"अय्या, अपा, द्या इकडं!"

"राहू दे. ह्या घरात सगळ्यांनीच कधी ना कधी माझ्यावर मुतलंय. तुझ्या नवऱ्यानं तर अजून सोडलेलं नाही."

नेदुप म्हणाला, "सुरू झाले." पण हसला.

युदेन मला पहिल्यांदाच नीट भेटत होती. लग्न त्यांनी थिंफूलाच उरकलं होतं. आईबाप लहानपणी गेलेले, कुठल्या तरी आत्याच्या भाड्याच्या खोलीत वाढलेली. पोरगी गोड, पण फार जपून बोलायची. परक्या घरात भांडी आपटू नयेत म्हणून जपतात तशी. घरात शिरताच तिनं कोपऱ्यातला सेल्देनचा माग पाहिला. गुंडाळून ठेवलेला, कमरेचा पट्टा वर अडकवलेला.

"कुणी शिकवेल का हो मला?" असं तिनं विचारलं आणि लगेच म्हणाली, "म्हणजे, दोन दिवसांत काय येणार म्हणा."

दुपारच्या आधी गोम्पात गेलो, नाव घ्यायला. थिन्लेनं पोथी पाहिली, दिवा लावला, तांदूळ टाकले, आणि नाव दिलं पेल्दोन. पेल्दोननं त्याची दाढी धरली आणि सोडेना. भिक्षूच्या तोंडून माझ्या तोंडचा शब्द निघाला. मला फार बरं वाटलं.

उतरताना अक्रोडाखालून वाट जाते. तिथं आराचा वास आला. नुकतीच गरम केलेली, लोणी वितळतंय असा. मी थांबलो. दाराला कुलूप होतं, गंजून तांबडं झालेलं. चौकटीवर कोळ्याचं जाळं, शाबूत. वारा आहे, मी स्वतःला म्हटलं. ल्हाझोमनं आत्ताच चूल पेटवली असणार. पण ल्हाझोमचं घर खाली, आणि वारा वरून येत होता. गोम्पाच्या पताका खालच्या अंगाला फडफडत होत्या, ते मी पाहिलं. नको ते पाहायची मला खोड आहे.

युदेननं वर बघून हात हलवला.

"कुणाला करतेस?" मी विचारलं.

"त्या खिडकीत अझिम होत्या ना. त्यांनी केला, म्हणून मी केला." अझिम म्हणजे मोठी बहीण. सासरच्या गावात सगळ्याच बायका अझिम.

मी खिडकीकडे पाहिलं नाही. "चल," म्हटलं, "पोरीला ऊन लागतंय."

ऊन नव्हतं. खोऱ्यातून ढग चढायला लागले होते.

४

दुपार कलल्यावर बायका आल्या. खांद्यावर लाल पट्टे, हातात आराची भांडी, तोंडात सुपारी-पान. आमचा जिना म्हणजे एकाच ओंडक्याला पाडलेल्या खाचा; त्यावर पाय पडला की सगळं घर ऐकतं. ल्हाझोम आली ती जिन्यावरूनच ओरडत, "कुठाय माझी सवत?" आणि पेल्दोनचे गाल चावून मोकळी झाली. केझांगची बायको आली, गोमचेनची आली, दोघी बहिणी आल्या, एक खोलीच्या ह्या टोकाला आणि एक त्या टोकाला.

युदेनला मधोमध बसवलं, शेजारी मी. वर ढग आला होता, त्यामुळे खिडक्यांतून दुधासारखा उजेड येत होता. भिंतीकडच्या माणसांचे नुसते आकार दिसत होते. गाणं सुरू झालं. एकेक बाई पुढं येऊन ओतायला लागली.

युदेनला मी सांगून ठेवलं होतं. वाटी दोन्ही हातांनी धरायची, मान खाली, आधी नको नको म्हणायचं, मग प्यायचं. एक घोट घेतला की ती वर आणखी भरणार, तोही घ्यायचा. पाहुणीनंतर मला. म्हणजे माझीही मान खालीच. दिसतात ते फक्त ओतणारे हात आणि किऱ्याचा काठ.

ल्हाझोमची धुरकट, घशाला धरणारी. केझांगच्या बायकोची पाणचट, नवऱ्यासारखी. मी तसं म्हटलंही आणि तिनं मला कोपर मारलं. गोमचेनच्या बायकोची लोण्यानं जड. बहिणींची एक आंबट, एक गोड, आणि दोघींनी मला वेगवेगळं विचारलं, "कुणाची बरी?" मी म्हटलं, "माकडांना विचारा." खोली खदखदली. युदेनचे कान लाल झाले होते. तीही मोकळं हसत होती.

मग वाटी पुन्हा भरली. मी घोट घेतला.

अक्रोडाच्या जळणावर गाळलेली आरा आधी गोड लागते, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी किंचित कडू राहते. आमच्या गावात तशी एकच घर करायचं.

मी मान वर केली नाही. काठ पाहिला. पांढऱ्या जमिनीवर तांबडी वेल, पायरीपायरीनं चढत जाणारी, आणि प्रत्येक वळणावर एक निळा ठिपका. तो ठिपका कशाला घालतेस म्हणून मी देमाला पूर्वी विचारलं होतं. ती म्हणाली होती, मला आवडतो म्हणून, तुझ्या खेचरांना त्रास होतो का?

मी स्वतःला म्हटलं, ल्हाझोमकडे देमाचा एखादा जुना किरा असेल. आराही एखाद्या बाटलीत राहिली असेल. म्हाताऱ्या बायका काहीही साठवतात. पण ल्हाझोम समोरच्या भिंतीशी बसून टाळ्या वाजवत होती. आणि चुलीजवळ एक फळी आहे, तिच्यावर मांजर चढलं तरी ती करकरते. तो काठ त्या फळीवरून माघारी गेला आणि फळी गप्प राहिली.

वाटी पुन्हा भरली. वरच्यांची. मग कोपऱ्यातल्यांची. मग पुलापलीकडच्यांची, ज्यांचं घर पुरात गेलं, ज्यांच्या दाराला लावायला कुलूपसुद्धा उरलं नाही. प्रत्येक वेळी माझी जीभ घर सांगत होती आणि मी तिला गप्प बस म्हणत होतो.

"अजून किती हो, अपा!" युदेन हसत म्हणाली. "तुमच्या गावात बायका संपतच नाहीत!"

नेदुप टाळ्या पिटत होता. केझांगचे डोळे मिटले होते, तोंड उघडं होतं, फोन कुठं होता देव जाणे. गाणं चाललंच होतं. पाच बायकांच्या गाण्यात श्वासाची भोकं असतात. एकीनं दम घेतला की कळतं. त्या गाण्यात भोकं राहिली नव्हती. इतकं भरलेलं गाणं मी खेचरं हाकायचो तेव्हा ऐकलं होतं, आणि मला ते फार फार आवडायचं.

मी ल्हाझोमकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तिनं नजर खाली टाकली आणि आणखी मोठ्यानं गायला लागली.

५

आरा झाली की बाळ फिरवतात. एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर, सगळ्या घरांच्या बायका एकेकदा घेतात, कानात चांगलं काहीतरी बोलतात, पुढं देतात. सगळ्या मांड्यांवरून फिरलेलं पोर गावाचं.

हे माझ्या लक्षात येईपर्यंत ल्हाझोमनं पेल्दोनला उचललं होतं.

"ल्हाझोम," मी म्हटलं. गाण्यात तिला ते ऐकू गेलं नाही.

तिनं पोरीच्या कानात काहीतरी म्हटलं आणि केझांगच्या बायकोकडे दिलं. तिनं गोमचेनच्या बायकोकडे. मग एक बहीण, मग दुसरी. दुसरी बहीण भिंतीच्या कोपऱ्याशी बसली होती. तिच्या पलीकडे खोली अंधारी होते. तिथं सेल्देनचा माग आहे, आणि जुनी धान्याची पेटी. तिथं कुणाला बसायला जागा नाही.

तिनं गाता गाता, न बघता, पोरीला त्या बाजूला पुढं केलं.

उठून ओरडायला हवं होतं. मी ओरडणारा माणूस आहे, सगळा जन्म ओरडण्यात गेला. पण मीच त्यांना नावानं बोलावलं होतं. बोलावून पोर देत नाही म्हणायचं? आणि दिली आणि परत आलीच नाही तर? आधीच ज्यांच्याजवळ काही नाही, त्यांनी हातात आलेलं कशाला सोडायचं? मी बसूनच राहिलो.

पेल्दोन क्षणभर हवेत होती. एका हातातून सुटलेली, दुसऱ्यात अजून न पोचलेली. ती हसत होती. तिच्या काखेखाली दोन हात आले. बोटं मनगटापर्यंत तांबडी. लाखेच्या रंगात रेशीम बुडवून बुडवून होतात तशी, धुतली तरी जात नाहीत. त्या हातांच्या वर चेहरा होता. मी अर्धा पाहिला. गाल, आणि पान खाऊन लाल झालेलं हसू. मग मी डोळे मिटून घेतले. माणसानं किती पाहावं, यालाही मर्यादा आहे.

डोळे मिटलेले असताना मी पोरीचं हसणं ऐकत राहिलो. ते पेटीकडून मागाकडे गेलं, मागाकडून खिडकीखाली, तिथून दाराजवळ. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत होतं. कुणीतरी काहीतरी बोलत होतं. ते मला ऐकू आलं नाही.

आणि एक गोष्ट. सेल्देन त्यांच्यात नव्हती. असणार कशी? यजमानीण रांगेत बसत नाही, ती चुलीशी असते. चुलीवरचं भांडं मी चढवलं होतं, पण बसल्यापासून मी एकदाही उठलो नव्हतो, आणि दुसरंही कुणी उठलं नव्हतं. जाळ मात्र सारखा नीट चालला होता. चुलीकडे मी मान वळवली नाही.

"आली माझी बाय!" युदेन म्हणाली.

मी डोळे उघडले. पेल्दोन आईच्या मांडीवर होती, दाराच्या बाजूनं आलेली. गाल लाल, डोळे चमकत. मी तिच्या टाळूचा वास घेतला. दूध, आणि अक्रोडाचा धूर.

बायका निघाल्या. ओंडक्याच्या जिन्यावर पावलं वाजली. ती बराच वेळ वाजत राहिली.

ल्हाझोम मागं राहिली.

"जुरमे."

"काय?"

"पुढच्या वेळी हाक जरा बेतानं मार." मग जिन्याशी जाऊन ती थांबली. "देमाची आरा अजून कडूच आहे," असं म्हणाली, आणि डोळे पुसत हसत हसत खाली गेली.

६

सकाळी मी माकडांना शिव्या दिल्या नाहीत. नेदुप माझी गाठोडी बांधत होता. माझे घो, माझी वाटी, देवघरातली चांदीची भांडी. मी बघत बसलो. एकट्या म्हाताऱ्याला डोंगरात ठेवू नये, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि त्याच गोष्टीचा मला जास्त राग येत होता.

युदेन पोरीला पाठीशी बांधून बाहेर आली.

"अपा, अक्रोडाखालच्या अझिमकडे कधी जायचं? त्यांनी शिकवते म्हणून सांगितलंय. म्हणाल्या, आधी काठ शिक, मधलं आपोआप येतं. मला निघायच्या आधी निदान एकदा बसायचंय."

नेदुपचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

खोटं बोलता आलं असतं. ती गावाला गेली, आजारी आहे, काहीही. खरं ऐकून तिला भीती बसली असती तर ती त्याच क्षणी गाडीत बसली असती, आणि मागून मी. पण मला खोटं बोलायला वेळ लागतो, आणि खरं आधी बाहेर पडतं.

"ती मेलीय, पोरी," मी म्हटलं. "मीच जाळली तिला. काल आलेल्या बायकांपैकी पाच तेवढ्या जिवंत होत्या. बाकीच्या मी हाक मारली म्हणून आल्या. चुकून मारली."

नेदुप म्हणाला, "अपा, काल तुम्ही किती प्यायलात?"

"सगळ्या घरांची."

"ऐकू नकोस यांचं," तो बायकोला म्हणाला. पण त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. देमाच्या अंगणात खेळून मोठा झालेला तो. ती कधी गेली ते त्याला माहीत होतं. काल टाळ्या वाजवताना त्यानं भिंतीकडे नीट पाहिलं नव्हतं, एवढंच.

युदेन पायरीवर बसली. पाठीवरचं गाठोडं सोडून तिनं पोरीला पुढं घेतलं आणि तिच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता रडेल. आता उठेल आणि पळेल.

"पेल्दोन झाली तेव्हा," ती म्हणाली, "हा खांबावर होता, वादळ होतं त्या दिवशी. माझ्याजवळ कोणी नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिच्या माणसांनी डब्यातून अंडं घातलेली आरा आणली होती. वास आला. मी तोंड फिरवून झोपले."

नेदुपनं हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"काल एवढ्या बायका आल्या, अपा. प्रत्येकीनं पाजलं. प्रत्येकीनं हिला घेतलं." तिनं नाक ओढलं. "मेलेल्या असतील. आल्या ना?"

मी मान हलवली. आल्या होत्या.

"मला भीती वाटते," ती पुढं म्हणाली. "नाही असं नाही. पण मी राहते. तू गाठोडी सोड, नेदुप. तुला इथल्या जिल्ह्यात बदली मिळते का बघ. खांब इथंही आहेत."

"अगं पण..."

"बघू म्हणू नकोस," ती म्हणाली. "राहते म्हटलं ना."

तेव्हा मला कळलं, ह्या घराला मालकीण मिळाली. एक पाळण्यातली आणि एक तिच्या आधीची.

७

नेदुपला बदली मिळाली. आठवड्याला येतो, आला की माझ्याशी भांडतो. घरात आता दोन भांडकुदळ आहेत, आणि पेल्दोनला दात आलेत म्हणजे तिसरी तयार होतेय.

बायका विणायला एका छपराखाली बसतात, चिव्याच्या चटईचं छप्पर, खाली खोरं दिसतं. दिवसभर लाकडी पट्टीनं वीण ठोकल्याचा आवाज येतो, ठक, ठक. युदेन सेल्देनच्या मागावर बसते. तिच्या डाव्या हाताला एक जागा मोकळी असते. तिथं कुणी बसत नाही. बसू नका, असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. पाणचक्कीवाल्या बहिणींनी एकमेकींकडे पाहून थोडं सरकून घेतलं, बस्स. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काल दुपारी मी पेल्दोनला घेऊन तिथं गेलो. लख्ख ऊन होतं. केझांगची बायको कुणाची तरी नक्कल करत होती आणि ल्हाझोम हसून हसून खोकत होती. युदेन काठ विणत होती. धागा उचलला, थांबली, डावीकडे पाहून हळूच म्हणाली, "असं?" मग थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "हां हां, कळलं," म्हणून हसली, दोन ओळी उसवल्या आणि पुन्हा घातल्या.

मी तिच्या मागून वाकून पाहिलं. वेल चढत होती. वळणावर तिनं निळा धागा घेतला.

माझ्या मांडीवर पेल्दोन एकदम उभी राहिली. तिनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, खिदळली आणि दोन्ही हात पुढं केले, घे म्हणून. अंग तिकडे झोकून दिलं. समोर नुसती चटई होती, आणि चटईवर ऊन.

मी तिला छातीशी घट्ट धरलं. तिनं पाय झाडले, रडायच्या बेतात आली. बायका गात होत्या. मी थोडा वेळ तसाच धरून राहिलो.

मग हात जरा सैल केले.